रचनाबंधांचा अभ्यास : वेब ॲप्लिकेशनच्या मांडणीचा प्राथमिक विचार
(डहाणू-तलासरी परिसरातील उदाहरणांच्या आधारे)

संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागलेल्या विद्यार्थ्याला एखादी संगणकभाषा अवगत करून घेणे फारसे कठीण जात नाही. तिचे नियम थोडे असतात, अपवाद त्याहून थोडे असतात, आणि चूक झाल्यास यंत्रच ती तत्काळ दाखवून देते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शेदोनशे ओळींची आज्ञावली हजार ओळींची झाली म्हणजे कोणती गोष्ट कोठे लिहावयाची, कोणता भाग कोणत्या भागाला ओळखू द्यावयाचा आणि कोणता ओळखू द्यावयाचा नाही, हे प्रश्न उभे राहतात. व्याकरणशुद्ध वाक्ये लिहिता येणे आणि प्रबंधाची मांडणी करता येणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. या अडचणीवर उपाय म्हणून विद्यार्थ्याच्या हाती बहुधा 'डिझाइन पॅटर्न' म्हणजे रचनाबंध यांची एक यादी दिली जाते. यादी पाठ होते. परंतु तिचा उपयोग केव्हा करावा हे मात्र कळत नाही. असे का होते, आणि रचनाबंध कोणत्या क्रमाने शिकले असता ते अंगवळणी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. कल्पनेचा उगम

रचनाबंध ही कल्पना मूळची संगणकशास्त्रातील नव्हे. ती वास्तुशास्त्रातून आलेली आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रचनेच्या प्रक्रियेचे विवेचन केले, आणि त्यासाठी विस्तृत उदाहरण म्हणून सहाशे वस्तीचे एक भारतीय खेडे घेतले. त्या खेड्याच्या १४१ गरजा त्याने नोंदविल्या आणि कोणत्या गरजा परस्परांत गुंतलेल्या आहेत व कोणत्या नाहीत हे पाहून त्यांचे गट पाडले. एकमेकींत गुंतलेल्या गरजांचा विचार एकत्र करावा आणि ज्यांचा परस्परांशी संबंध नाही त्यांना वेगळे ठेवावे, हे त्यामागील तत्त्व. पुढे १९७७ साली अलेक्झांडर व त्याचे सहकारी यांनी २५३ रचनाबंधांचा प्रसिद्ध कोश सिद्ध केला.

संगणकशास्त्रात ही कल्पना १९८७ साली केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी आणली. १९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हिलिसिडीस या चौघांच्या ग्रंथाने तिला स्थिर रूप दिले. या ग्रंथात २३ रचनाबंध असून वस्तूंची निर्मिती, वस्तूंची जोडणी आणि वस्तूंचे परस्परवर्तन असे त्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या ग्रंथाने मोठ्या व्यवहारोपयोगी आज्ञावल्यांतील रचनाबंधांची अशीच नोंद केली.

या सर्व ग्रंथांत रचनाबंधाची तीन अंगे सांगितलेली आढळतात : परिस्थिती, तीत पुनःपुन्हा उद्भवणारी अडचण, आणि तिच्यावरील उपायाचा गाभा. यांखेरीज चौथे अंग म्हणजे नाव. नाव मिळाल्यामुळे एका शब्दात संपूर्ण विचार दुसऱ्यापर्यंत पोहोचविता येतो. नवशिक्याच्या हातून होते ते असे की, तो नाव आणि उपाय तेवढे उचलतो. परिस्थिती आणि अडचण ही दोन अंगे मागेच राहतात.

२. कोसबाडचे उदाहरण

ही चारही अंगे एकत्र पाहावयाची असतील तर डहाणू तालुक्यातील बालशिक्षणाच्या इतिहासाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. गावात बालवाडी उघडली तरी गरीब वस्त्यांतील मुले तेथे येत नाहीत, असे लवकरच दिसून आले. तेव्हा मुलांना बालवाडीत आणण्याऐवजी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. हीच 'अंगणवाडी' होय. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात. म्हणून शाळा कुरणावर गेली आणि तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी अडकून पडत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालून 'विकासवाडी' उभी राहिली.

येथे प्रत्येक नावामागे एक निश्चित अडचण आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या गावात मुले गुरे राखीत नाहीत तेथे कुरणशाळा काढणे हास्यास्पद ठरेल. उलट जेथे मूल दिवसभर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, तेथे शाळेच्या इमारतीवर कितीही खर्च केला तरी पाळणाघरावाचून तो व्यर्थ जाईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांसाठी 'अंगणवाडी' हाच शब्द रूढ झाला. बोर्डीच्या एका उपायाला मिळालेले नाव अशा रीतीने देशभर पोहोचले. नाव दूरवर जाते. मात्र ज्या अडचणीतून ते जन्मले तिची आठवण त्याच्याबरोबर जाईलच असे नाही.

३. एक कल्पित ॲप्लिकेशन

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. तलासरी तालुक्यातील एका आश्रमशाळेसाठी पटनोंदणीचे एक लहानसे वेब ॲप्लिकेशन तयार करावयाचे आहे, अशी कल्पना करावी. त्यात मुलांची नावे, दररोजची हजेरी, वसतिगृहातील जागा आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढ्याच गोष्टी आहेत.

नवशिका विद्यार्थी हे सर्व एकाच फाइलीत लिहितो. ब्राउझरकडून विनंती आली की तीच आज्ञावली शिक्षकाची ओळख पटवते, डेटाबेसमधून मुलाची नोंद काढते, हजेरीची टक्केवारी मांडते, अमुक दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेल्या मुलाच्या नावापुढे खूण करते आणि शेवटी पानाची एचटीएमएल मांडणीही तयार करते. ही पद्धत आरंभी चुकीची म्हणता येणार नाही. आज्ञावली लहान आहे, चालते आहे आणि डोळ्यांसमोर आहे. दोष दिसू लागतो तो बदल करण्याची वेळ येते तेव्हा.

पहिला बदल हजेरीचा. या भागातील अनेक कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांच्या व इतर कामांसाठी स्थलांतर करतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. अशा मुलाला नेहमीच्या नियमाने गैरहजर धरावे, की स्थलांतरित म्हणून त्याचा वेगळा विचार करावा? शाळेने दुसरा पर्याय स्वीकारला असे समजू. हजेरीचा हिशेब जर सात पानांवर सात वेळा लिहिलेला असेल तर तो सात ठिकाणी बदलावा लागेल. त्यांतील एक ठिकाण नजरेतून सुटले तर एका पानावर मूल पटावर असेल आणि दुसऱ्या पानावर त्याचे नाव कमी झालेले असेल. यंत्राच्या दृष्टीने ही चूक नव्हे. ते दोन्ही पाने निमूटपणे दाखवील. परंतु परत आलेल्या मुलाला वर्गात बसता येईल की नाही हे त्या एका पानावर अवलंबून राहील.

दुसरा बदल जिल्ह्याच्या नावाचा. डहाणू व तलासरी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा आठ तालुक्यांचा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. ज्या आज्ञावलीत 'जिल्हा ठाणे' ही अक्षरे शंभर ठिकाणी लिहिलेली असतील, तीत ती शोधून सर्वत्र 'जिल्हा पालघर' असे करावे, हा मोह साहजिक आहे. परंतु तसे केल्यास २०१० साली दिलेल्या दाखल्याची प्रत आज काढली असता तिच्यावर त्या वेळी अस्तित्वातच नसलेल्या जिल्ह्याचे नाव येईल, आणि मूळ दाखला व प्रत यांचा मेळ बसणार नाही. दाखल्यांतील अशा विसंगतीपायी कुटुंबांना कचेरीच्या किती खेपा घालाव्या लागतात हे सांगावयास नको. तालुका कोणत्या तारखेस कोणत्या जिल्ह्यात होता हे ज्ञान आज्ञावलीत एकाच ठिकाणी असावे आणि इतर सर्व भागांनी तारीख देऊन ते तेथून विचारून घ्यावे, हाच येथे योग्य मार्ग होय.

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या आपल्या लेखात हेच तत्त्व मांडले. आज्ञावलीचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्या पाहू नयेत. पुढे बदलण्याचा संभव असलेले निर्णय पाहावेत आणि असा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढील बहुतेक रचनाबंध या एका सूत्राची भाष्ये आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

४. पाच रचनाबंध

वरील ॲप्लिकेशनच्या संदर्भात नवशिक्याला उपयोगी पडणारे पाच रचनाबंध पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर'. ट्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७९ साली हा मांडला. मुलाविषयीचे व हजेरीविषयीचे ज्ञान आणि नियम मॉडेलमध्ये, पडद्यावरील मांडणी व्ह्यूमध्ये, आणि शिक्षकाची विनंती स्वीकारून ती योग्य त्या मॉडेलकडे नेण्याचे काम कंट्रोलरमध्ये, अशी ही वाटणी आहे. हजेरीचा नियम बदलला तर मॉडेल बदलावे. पानाचे रूप बदलले तर व्ह्यू बदलावा. एकाच्या बदलाची झळ दुसऱ्याला लागू नये.

दुसरा 'रिपॉझिटरी', ज्याला मराठीत भांडारी म्हणता येईल. नोंदी कोठे व कशा साठविल्या आहेत हे एकट्या भांडाऱ्याला ठाऊक असते. इतर भाग त्याच्याकडे केवळ 'इयत्ता चौथीची मुले द्या' अशी मागणी करतात. पाड्यांवर जेथे इंटरनेटचा संपर्क खंडित होतो तेथे हजेरी आधी हातातील यंत्रात साठवून नंतर मध्यवर्ती डेटाबेसला पाठवावी, असे ठरल्यास भांडारी तेवढा बदलतो. हजेरीचे नियम जसेच्या तसे राहतात.

तिसरा 'स्ट्रॅटेजी'. एकाच कामाच्या अनेक रीती असतील तर प्रत्येक रीत स्वतंत्र लिहून त्या सर्वांना एकच बाह्यरूप द्यावयाचे आणि प्रसंगानुसार निवड करावयाची. नित्य हजेरीचा नियम व स्थलांतरित मुलांचा नियम हे असे दोन पर्याय होत. उद्या तिसरा नियम आला तर पहिल्या दोहोंना हात लावावा लागत नाही.

चौथा 'ऑब्झर्व्हर'. नवे मूल दाखल झाले की वसतिगृहात जागा राखावयाची, भोजनगृहाच्या शिध्यात वाढ करावयाची आणि आरोग्यतपासणीच्या यादीत नाव घालावयाचे, ही कामे ओघाने येतात. प्रवेशाच्या आज्ञावलीने या तिन्ही विभागांना ओळखण्याऐवजी केवळ 'मूल दाखल झाले' अशी दवंडी द्यावी; ज्याला गरज असेल त्याने ती ऐकावी. यात एक तोटाही आहे. दवंडी कोणी ऐकली हे आज्ञावली वाचणाऱ्याला सहजी कळत नाही. तेव्हा ऐकणारा एकच असेल तर त्याला सरळ हाक मारणेच श्रेयस्कर.

पाचवा 'टेम्प्लेट मेथड', म्हणजे साचा. कामाचा क्रम ठरलेला, मधल्या काही पायऱ्या मात्र मोकळ्या सोडलेल्या. याचे दृश्य रूप पाहावयाचे असेल तर वारली समाजातील लग्नचौकाकडे पाहावे. लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. चौकोनाच्या नक्षीदार कडा आणि मध्यभागी पालघट देवी ही अंगे परंपरेने निश्चित झालेली आहेत. भोवतालची झाडे, प्राणी आणि माणसांची दृश्ये यांत लिहिणारीच्या हाताला वाव असतो. आज ज्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात त्यांचे कार्य असेच चालते, आणि मराठीत त्यांना 'चौकट' हा शब्द योजला जातो तोही अन्वर्थक आहे. 'चौक' हा शब्द संस्कृत 'चतुष्क' यापासून आणि 'चौकट' हा 'चतुष्काष्ठ' यापासून आलेला आहे. २००४ सालचे रूबी ऑन रेल्स, २००५ सालचे जँगो किंवा २०११ सालचे लारावेल यांपैकी कोणतीही चौकट घेतली तरी कडा तिने आखून दिलेल्या असतात. मधली मोकळी जागा विद्यार्थ्याने भरावयाची असते.

५. संज्ञांचा अर्थपालट

येथे भाषेच्या अभ्यासकाला परिचित असा एक प्रश्न उपस्थित होतो. रीन्सकॉगच्या मूळ मांडणीत व्ह्यू हा मॉडेलवर सतत लक्ष ठेवून असे. मॉडेल बदलले की पडद्यावरील चित्र आपोआप बदलत असे. सर्व्हरवर पाने तयार करणाऱ्या नेहमीच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये मात्र पान एकदा तयार होऊन ब्राउझरकडे गेले की त्याचा मॉडेलशी संबंध तुटतो. नाव तेच राहिले, अर्थ मात्र सरकला. जँगोमध्ये तर पानाच्या मांडणीला 'टेम्प्लेट' म्हणतात आणि जे काम अन्यत्र कंट्रोलर करतो त्यातील बराच भाग 'व्ह्यू' या नावाने ओळखला जातो. एका चौकटीतून दुसरीत जाणारा विद्यार्थी या ठिकाणी हमखास गोंधळतो, कारण शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच असतो असे त्याने गृहीत धरलेले असते. संज्ञेचा अर्थ तिच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरतो, हे भाषाशास्त्रातील सूत्र येथेही लागू पडते.

दुसरी गोष्ट अशी की, रचनाबंधाची गरज भाषासापेक्ष असते. १९९४ सालच्या ग्रंथातील २३ पैकी १६ रचनाबंध लिस्प किंवा डायलन यांसारख्या भाषांत अधिक सोपे होतात किंवा दिसेनासे होतात, असे पीटर नॉर्विग यांनी १९९६ साली दाखवून दिले. जो अर्थ एक भाषा स्वतंत्र शब्दाने व्यक्त करते तो दुसरी भाषा प्रत्ययाने व्यक्त करते, त्यातलाच हा प्रकार. ज्या भाषेत फलन, म्हणजे फंक्शन, हेच एखाद्या मूल्याप्रमाणे हातोहात देता येते, तीत स्ट्रॅटेजीसाठी वेगळा वर्ग लिहिण्याचे कारण उरत नाही. हजेरीचा नियम हे एक फलन म्हणून दिले की काम भागते. कोसबाडला हेच निराळ्या रीतीने घडले. माँटेसरी पद्धतीतील महागडी साधने तेथे परवडण्यासारखी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांचा उपयोग करण्यात आला. लहानमोठे ओळखणे, क्रम लावणे, वर्ग पाडणे हा उपायाचा गाभा कायम राहिला. बदलली ती सामग्री. तेव्हा जावा भाषेतील उदाहरण पायथॉन भाषेत ओळीस ओळ उतरवणे म्हणजे शिंपले हाताशी असताना लाकडी ठोकळ्यांसाठी अडून बसणे होय.

६. अभ्यासाचा क्रम

मराठी मातृभाषा असलेले मूल 'मुलाने आंबा खाल्ला' हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे नाव कानी पडण्यापूर्वी कितीतरी वर्षे बिनचूक बोलत असते. व्याकरण येते ते नंतर, आणि जे आधीच हाती आहे त्याला नाव देण्यासाठी येते. रचनाबंधांचा अभ्यासही याच क्रमाने करणे हितावह आहे.

प्रथम एक लहान ॲप्लिकेशन कोणताही रचनाबंध मनात न आणता पूर्ण करावे. ते चालले पाहिजे एवढीच अट. त्यानंतर त्यात बुद्ध्या तीन बदल करावेत : एक नियमाचा, एक पडद्यावरील मांडणीचा, एक साठवणीचा. प्रत्येक बदलासाठी किती ठिकाणी हात लावावा लागला याची नोंद ठेवावी. ज्या ओळी नेहमी एकत्र बदलाव्या लागल्या त्या एकत्र आणाव्यात. ज्यांचा संबंध नसताना त्या शेजारी होत्या त्यांची फारकत करावी. हे करीत असताना विद्यार्थ्याच्या हातून भांडारी किंवा मॉडेल यांसारखे काहीतरी आपसूक तयार झालेले असेल. मग ग्रंथ उघडावा. तेथील नाव तेव्हा ओळखीचे वाटेल. सर्वांत शेवटी एखादी चौकट घेऊन तेच ॲप्लिकेशन पुन्हा लिहावे आणि चौकटीने कोणते निर्णय आपल्यासाठी आधीच घेऊन ठेवले आहेत ते तपासावे.

याच्या उलट क्रमाने गेल्यास काय होते तेही पाहिले पाहिजे. तीस मुलांच्या पटासाठी पंधरा वर्ग, प्रत्येक वर्गाला एक बाह्यरूप आणि प्रत्येक बाह्यरूपाला एकच अंमल, अशी आज्ञावली तयार होते. ती सुबक दिसते. परंतु हजेरीचा नियम नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी सहा फाइली उलगडाव्या लागतात. बदल सोपा करण्यासाठी केलेली मांडणीच बदलाच्या आड येते. यासाठी एक व्यवहार्य संकेत पाळता येईल : एखादी गोष्ट प्रथम सरळ लिहावी, दुसऱ्या वेळी तिची पुनरावृत्ती सहन करावी, आणि तिसऱ्या वेळी मात्र तिला स्वतंत्र स्थान द्यावे. जिल्ह्याच्या नावासारख्या गोष्टी या संकेताला अपवाद होत. त्या बदलतात हे एकदा अनुभवास आल्यावर तिसऱ्या वेळेची वाट पाहण्याचे कारण नाही. उत्सर्ग आणि अपवाद यांची अशी योजना पाणिनीच्या वाचकाला नवी नाही.

मांडणी चांगली आहे की नाही याची कसोटी पडद्यावर दिसत नाही. पहिल्या दिवशी एकाच फाइलीतील ॲप्लिकेशन आणि नीट विभागलेले ॲप्लिकेशन ही दोन्ही सारखीच चालतात. मूळ लेखक निघून गेल्यावर, नियम बदलल्यावर, आणि नव्या माणसाला एका संध्याकाळी तो बदल करावयाचा असल्यावर त्या दोहोंतील फरक कळून येतो. त्या संध्याकाळी त्याला योग्य जागा एका दृष्टिक्षेपात सापडली, आणि तेथील एक ओळ बदलल्याने स्थलांतराहून परतलेल्या मुलाचे नाव सर्व पानांवर पटावर राहिले, म्हणजे रचनाबंध कारणी लागला असे समजावे.